एका तारेवर चार उपकरणं: इंटरप्ट कसे वाटले जातात आणि अडलं तर कुठे पाहायचं

माउस झटके देत चालायला लागला की आपण माउस बदलतो. मीही दोन बदलले, पोर्ट बदलून पाहिला, मधली केबल काढली. चौथ्या दिवशी कळलं की माउसचा काहीच दोष नव्हता. त्याच मशीनमध्ये मोजमापाचं एक जुनं पीसीआय कार्ड होतं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, मी सुधारत होतो, म्हणजे दिवसातून दहा वेळा काढत आणि घालत होतो. ड्रायव्हर काढला तरी कार्ड इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची, तार धरून बसत होतं, आणि तीच तार यूएसबी कंट्रोलरचीही होती. कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, शेवटी ती तार बंद केली आणि शिक्षा शेजाऱ्याला झाली.

ते चार दिवस वाया गेले याचं कारण म्हणजे इंटरप्ट 'शेअर' होणं हाच बिघाड आहे, असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. नीट बांधलेल्या बसवर, म्हणजे उपकरणं जोडणाऱ्या सामाईक वाटेवर, एका तारेवर चार उपकरणं बिनतक्रार नांदतात. बिघडतं ते त्यांच्यातलं कोणी आपलं काम अर्धवट सोडतं तेव्हा. जुनं कार्ड नव्या लिनक्सवर चालवणाऱ्यांसाठी, पहिला ड्रायव्हर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि व्हर्च्युअल मशीनला अख्खं कार्ड देऊ पाहणाऱ्यांसाठी ही वाट लिहून ठेवतो.

हाताशी काय हवं

– लिनक्स चालणारं मशीन, किंवा पेनड्राइव्हवरून सुरू होणारं लिनक्स, आणि रूटचा अधिकार. बरीचशी माहिती रूटशिवाय अर्धीच दिसते.
– मदरबोर्डचं मॅन्युअल. जुन्या बोर्डांच्या मॅन्युअलमध्ये कोणता स्लॉट कोणत्या तारेवर आहे याचा तक्ता असायचा. तो सापडला तर तासाभराचं काम वाचतं.
– कार्डाची डेटाशीट. त्यातली दोनच पानं लागतील: 'इंटरप्ट स्टेटस' रजिस्टरचं आणि 'इंटरप्ट एनेबल' रजिस्टरचं. (रजिस्टर म्हणजे कार्डातली लिहा-वाचायची छोटी जागा.)
– मल्टिमीटर. फक्त जुन्या पीसीआय स्लॉटसाठी.
– वही. कोणतं कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये असताना काय झालं, हे तिसऱ्या प्रयोगानंतर कोणाच्याही लक्षात राहत नाही.

कमांडची आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

१. आधी प्रश्न नीट समजून घ्या: हाक कोणाची?

उपकरणाला काही सांगायचं असलं की ते प्रोसेसरला हाक मारतं, तो इंटरप्ट. प्रोसेसर हातातलं काम ठेवतो, ठरलेल्या जागेवरचा छोटा प्रोग्रॅम म्हणजे हँडलर चालवतो आणि परत येतो. इथपर्यंत सगळ्या पुस्तकांत असतं. खरी अडचण पुढे आहे. तार फक्त 'कोणीतरी हाक मारली' एवढंच सांगते. कोणी मारली, हे तिला ठाऊक नसतं.

दवाखान्यातला एक वॉर्ड डोळ्यांपुढे आणा. चार खाटा, आणि नर्सच्या टेबलावरच्या घंटेला बांधलेली एकच दोरी चारही खाटांवरून गेलेली. प्रत्येक खाटेशी एक नातेवाईक बसला आहे. रुग्ण म्हणजे उपकरण, नातेवाईक म्हणजे ड्रायव्हर, नर्स म्हणजे कर्नल. घंटा वाजली की कोणाकडे जायचं, हे ठरवायच्या तीनच रीती आहेत. पहिली, प्रत्येक खाटेला स्वतंत्र दोरी. दुसरी, दोरी एकच, आणि नर्सने प्रत्येक नातेवाइकाला 'तुमची हाक का?' असं विचारायचं. तिसरी, घंटेबरोबर खाटेचा नंबरही कळवायचा. संगणकाच्या बसचा चाळीसेक वर्षांचा इतिहास या तीन रीतींतच मावतो. आपलं मशीन कोणत्या रीतीने चाललं आहे हे कळलं की अर्धा गोंधळ मिटतो.

२. पहिली रीत: आयएसए, एका तारेचा एकच मालक

आयएसए ही जुन्या पीसींमधली बस. तिचं कार्ड आज फारसं कोणाच्या हाती येत नाही, पण 'आयआरक्यू कॉन्फ्लिक्ट'ची, म्हणजे इंटरप्टच्या एकाच तारेवरून दोन कार्डांचं भांडण होण्याची, भीती तिथूनच आली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

१९८१च्या आयबीएम पीसीत इंटेलची ८२५९ए ही इंटरप्ट सांभाळणारी एक चिप होती आणि तिला आठ तारा होत्या. १९८४च्या पीसी/एटीत दुसरी तशीच चिप आली. ती पहिलीच्या २ क्रमांकाच्या तारेला जोडली, म्हणून सोळातल्या पंधरा उरल्या. त्यातल्या ० वर टायमर, १ वर कीबोर्ड, ६ वर फ्लॉपी, ८ वर घड्याळ, १३ वर गणिती कोप्रोसेसर, १४ आणि १५ वर हार्डडिस्कचे कंट्रोलर. नव्या कार्डासाठी दोन-चारच मोकळ्या सापडायच्या, आणि कोणती घ्यायची ते कार्डावरचे जंपर हलवून ठरवायचं.

तिथे तार वाटून घेता येत नसे, याची दोन कारणं आहेत. दोन्ही समजून घ्या, कारण पुढचं सगळं याच दोन गोष्टी दुरुस्त करण्यासाठी झालं.

एक कारण विजेचं. आयएसए कार्ड तार वरही ढकलतं आणि खालीही ओढतं. एक कार्ड वर ढकलत असताना दुसरं खाली ओढत असेल तर दोघांची सरळ झुंज होते.

दुसरं कारण वेळेचं. आयएसएवर तार खालून वर जाते तो क्षणच मोजला जातो. याला एज ट्रिगर म्हणतात. समजा पहिल्या कार्डाने तार वर नेली. तिची दखल घेतली जात असतानाच दुसऱ्यालाही हाक मारायची वेळ आली. तार आधीच वर आहे, नवा चढ झालाच नाही. पहिल्याचं काम संपलं, पण दुसऱ्याने तार वर धरून ठेवली आहे. आता ती खाली येणार नाही, म्हणून पुन्हा चढणारही नाही. दुसरं कार्ड ताटकळत राहतं आणि पहिल्याचीही पुढची हाक पोचत नाही.

सीरियल पोर्टांपैकी कॉम १ आणि कॉम ३ दोघांची तार ४, कॉम २ आणि कॉम ४ दोघांची ३. म्हणून सीरियल माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर ठेवला की मोडेम वापरायला घेताच माउस गोठायचा. एकाच सीरियल कार्डावरचे अनेक पोर्ट एका तारेवर घेता यावेत म्हणून लिनक्सच्या सीरियल ड्रायव्हरने एक चांगली युक्ती केली आहे. हाक आली की तो सगळे पोर्ट विचारत फिरतो, आणि एका पूर्ण फेरीत कोणाकडेच काही बाकी नाही असं दिसेपर्यंत थांबत नाही. एज ट्रिगरवर तार वाटून घ्यायचीच असेल तर आजही हाच मार्ग आहे.

३. दुसरी रीत: पीसीआय, सगळ्यांना विचारा

आयबीएमच्या मायक्रोचॅनेलने १९८७मध्ये ही दोन्ही दुखणी दूर केली होती, पण घरोघरी पोचली ती १९९२ची पीसीआय.

पीसीआयच्या प्रत्येक स्लॉटला चार तारा: इंट ए, बी, सी, डी. त्या 'ओपन ड्रेन' आहेत, म्हणजे कार्ड तार फक्त खाली ओढू शकतं, वर ढकलू शकत नाही. कोणीच ओढत नसेल तेव्हा मदरबोर्डवरचा रेझिस्टर तिला वर धरतो. त्यामुळे चौघांनी एकदम ओढली तरी झुंज होत नाही. आणि इथे क्षण मोजला जात नाही, पातळी पाहिली जाते. तार जोवर खाली आहे तोवर हाक चालू आहे. याला लेव्हल ट्रिगर म्हणतात. पहिल्याचं काम झालं आणि तार तरीही खालीच असली तर प्रोसेसरला पुन्हा हाक ऐकू येते. कोणाची हाक हरवत नाही.

पण या सोयीला एक अट जोडलेली आहे. हँडलरने परतण्याआधी आपल्या उपकरणाला दोरी सोडायला लावलीच पाहिजे. नाहीतर तो परतला रे परतला की तोच इंटरप्ट पुन्हा येतो, मग पुन्हा, आणि प्रोसेसरचा एक कोर तिथेच अडकतो.

आता तारांच्या वाटणीबद्दल. एकच काम करणाऱ्या कार्डाने इंट ए हीच तार वापरायची असा पीसीआयचा नियम आहे. सगळ्या स्लॉटांचे इंट ए एकत्र बांधले असते तर सगळी गर्दी एका तारेवर झाली असती आणि बाकीच्या तीन रिकाम्या राहिल्या असत्या. म्हणून बोर्ड बनवणारे तारा फिरवून जोडतात: एका स्लॉटचा ए जिथे जातो तिथे पुढच्याचा डी किंवा बी. ब्रिजच्या, म्हणजे दोन बस जोडणाऱ्या चिपच्या, पलीकडच्या उपकरणांसाठी तर सूत्रच ठरलेलं आहे. तारेचा क्रमांक (ए म्हणजे ०) आणि उपकरणाचा क्रमांक यांची बेरीज करा, ४ने भागा, उरेल ती बाकी. ब्रिजमागे ५ क्रमांकावर बसलेल्या कार्डाचा इंट ए म्हणून अलीकडे इंट बी होऊन निघतो. स्लॉट बदलला की शेजारी बदलतो तो यामुळेच. बायोसमध्ये कितीही शोधलं तरी ही जोडणी बदलता येत नाही, ती बोर्डावर तांब्यात कोरलेली असते.

पुढे या तारा चिपसेटमधून आयओ-एपिक नावाच्या कंट्रोलरकडे जातात. इंटेलच्या त्या पिढीतल्या ८२०९३एए या चिपला २४ तारा होत्या. इंटेलच्या अनेक चिपसेटांत पीआयआरक्यू ए ते एच या आठ तारा १६ ते २३ या क्रमांकांवर उतरतात. तक्रारींमध्ये १६ हा आकडा वारंवार दिसतो त्याचं कारण एवढंच. तो आकडा अपशकुनी नाही, तिथे फक्त गर्दी असते.

४. तुमच्या मशीनवर कोण कोणाच्या तारेवर आहे ते पाहा

'प्रॉक' डिरेक्टरीतली 'इंटरप्ट्स' ही फाइल उघडा, कॅट कमांड पुरे. प्रत्येक ओळ डावीकडून अशी वाचा. आधी इंटरप्टचा क्रमांक. मग प्रत्येक कोरमागे एक आकडा, म्हणजे त्या कोरने आजवर किती हाका घेतल्या. मग कंट्रोलरचं नाव: 'आयओ-एपिक' असेल तर ती खरी तार, 'पीसीआय-एमएसआय' असेल तर तिसरी रीत, जिच्याकडे आपण सातव्या पायरीत येऊ. त्याशेजारी 'एज' किंवा 'फास्टईओआय' असा शब्द दिसेल, फास्टईओआय म्हणजे बहुधा लेव्हल. शेवटी ड्रायव्हरांची नावं. तिथे स्वल्पविरामाने तोडलेली दोन किंवा अधिक नावं दिसली तर ती तार वाटून घेतलेली आहे.

हीच फाइल दहा सेकंदांनी पुन्हा पाहा, किंवा 'वॉच' कमांडने समोर चालू ठेवा. नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही, तो किती वेगाने वाढतो ते पाहायचं. उपकरण स्वस्थ असताना एखाद्या ओळीचा आकडा सेकंदाला हजारोंनी धावत असेल तर कोणीतरी दोरी सोडत नाहीये.

मग 'एलएसपीसीआय' ही कमांड दोन 'व्ही' लावून रूट म्हणून चालवा. प्रत्येक उपकरणाखाली 'इंटरप्ट: पिन ए राउटेड टू आयआरक्यू १६' अशी ओळ येते. त्याखाली 'एमएसआय' किंवा 'एमएसआय-एक्स'च्या ओळीत 'एनेबल'नंतर अधिकचं चिन्ह आहे की उणेचं, ते वहीत टिपून ठेवा. उणे म्हणजे उपकरणाला नवी रीत येते, पण ड्रायव्हरने ती सुरू केलेली नाही.

विंडोजवर असाल तर डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेन्यूतून 'रिसोर्सेस बाय टाइप' निवडा आणि 'इंटरप्ट रिक्वेस्ट' उघडा. तिथे उणे क्रमांक दिसले तर घाबरू नका, एमएसआय वापरणारी उपकरणं विंडोज तशीच दाखवतं. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'कॉन्फ्लिक्ट्स/शेअरिंग' असं पान आहे. शीर्षकात भांडण आणि वाटणी एकाच दमात लिहिल्यामुळे लोक फसतात. त्या यादीत असणं हा बिघाड नाही.

इथला सापळा: उपकरणाच्या कॉन्फिगरेशन जागेत हेक्स ३सी या ठिकाणी 'इंटरप्ट लाइन' नावाचं रजिस्टर आहे. नवशिके ड्रायव्हर लिहिताना तिथून क्रमांक वाचतात. तो आकडा बायोसने जुन्या ८२५९ पद्धतीसाठी लिहून ठेवलेला असतो, आयओ-एपिक चालू असताना त्यावर विसंबता येत नाही. कर्नलने उपकरणाच्या नोंदीत दिलेला क्रमांकच वापरा.

५. 'नोबडी केअर्ड' असा संदेश आला तर

कर्नलच्या नोंदींत, म्हणजे 'डीमेसेज'मध्ये (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी), 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड' आणि पाठोपाठ 'डिसेबलिंग आयआरक्यू #१६' दिसलं तर काय घडलं ते असं.

तार वाटून घेतलेली असताना हाक आली की लिनक्स त्या तारेवर नाव नोंदवलेल्या सगळ्या हँडलरांना विचारतं. प्रत्येकाने आपल्या उपकरणाचं स्टेटस रजिस्टर वाचून 'माझी होती, मी पाहिलं' किंवा 'माझी नाही' असं उत्तर द्यायचं असतं. कर्नल हिशेब ठेवतं. एका तारेवरच्या १,००,००० हाकांपैकी ९९,९००पेक्षा जास्त हाकांना सगळ्यांनी 'माझी नाही' म्हटलं, तर दोरी कोणीतरी विनाकारण धरून बसलंय असं ठरवून ते तार बंद करतं. मशीन वाचवण्यासाठी ते योग्यच आहे. पण आता त्या तारेवरच्या प्रामाणिक उपकरणांचीही हाक पोचत नाही. बंद तारेवर कर्नल अधूनमधून डोकावून जातं, म्हणून माउस पूर्ण मरत नाही, तो झटके देत चालतो.

माझ्या बाबतीत नातेवाईक उठून घरी गेला होता आणि रुग्णाची मूठ दोरीवर तशीच होती. ड्रायव्हर काढताना मी हँडलरची नोंद रद्द केली, पण कार्डाच्या एनेबल रजिस्टरमध्ये शून्य लिहायला विसरलो होतो. नर्स उरलेल्या एकट्या नातेवाइकाला, यूएसबीच्या ड्रायव्हरला, लाख वेळा विचारत राहिली आणि तो खरं तेच सांगत राहिला.

त्यामुळे शोध घ्यायचा क्रम असा ठेवा. संदेशाखाली 'हँडलर्स' या शब्दानंतर त्या तारेवर नोंदलेल्या ड्रायव्हरांची नावं छापलेली असतात. ज्यांची नावं तिथे आहेत त्यांच्यावर लगेच संशय घेऊ नका. आधी 'एलएसपीसीआय'मध्ये पाहा की त्याच क्रमांकावर असलेलं पण ड्रायव्हर नसलेलं उपकरण कोणतं. बहुतेकदा गुन्हेगार यादीत नसलेलाच असतो. मशीन बंद करा, ते कार्ड काढा, पुन्हा पाहा. कार्ड काढता येत नसेल तर बायोसमधून ते उपकरण बंद करून पाहा.

जुना पीसीआय स्लॉट असेल आणि मीटर वापरायचा सराव असेल, तर इंट ए ही तार स्लॉटच्या ए६ या टोकावर मिळते, बी बी७वर, सी ए७वर, डी बी८वर. कोणी ओढत नसताना तिथे वरचा व्होल्टेज दिसायला हवा. सतत शून्याजवळ असेल तर कोणीतरी धरून ठेवली आहे. पण शेजारच्याच टोकांवर ५ व्होल्टचा पुरवठा असतो आणि मीटरची सळई घसरली तर बोर्ड जाऊ शकतो. हात स्थिर नसेल तर ही पायरी सोडा, तिच्यावाचून अडत नाही.

उत्तर शोधताना लोक दोन उपाय हमखास सुचवतील. 'आयआरक्यूपोल' हा बूट पर्याय कोणी हाक स्वीकारली नाही की सगळ्याच तारांवरच्या हँडलरांना विचारत फिरतो. रोग कुठे आहे ते पाहण्यापुरता तो ठीक आहे, कायमचा ठेवला तर मशीन मंदावतं. 'नोएपिक'ने आयओ-एपिक बाजूला पडतो आणि मशीन पुन्हा पंधरा तारांच्या जगात जातं, म्हणजे गर्दी वाढतेच. तो मी सुचवणार नाही.

६. ड्रायव्हर स्वतः लिहीत असाल तर

इथे मी सगळ्यात जास्त चुका केल्या आणि पाहिल्याही.

तार मागताना 'शेअर्ड' हा झेंडा (फ्लॅग) लावा. एका तारेवरच्या सगळ्यांनी तो लावलेला असावा लागतो आणि एज की लेव्हल यावरही एकमत हवं. नाहीतर 'फ्लॅग्ज मिसमॅच' असा संदेश येऊन मागणी नाकारली जाते. सोबत द्यायचा उपकरणाचा पॉइंटर रिकामा चालत नाही. नोंद रद्द करताना चौघांतला नेमका कोण जातोय, हे कर्नलला त्यावरूनच कळतं.

नोंद झाली त्या क्षणापासून तुमचा हँडलर बोलावला जाऊ शकतो, तुमचं उपकरण झोपलेलं असलं तरीही, कारण शेजारी कधीही हाक मारू शकतो. म्हणून हँडलर ज्या ज्या गोष्टींना हात लावतो त्या सगळ्या नोंदीच्या आधी तयार हव्यात. कर्नल बांधताना 'डीबग शेअर्ड आयआरक्यू' हा पर्याय चालू ठेवलात तर कर्नल निरोपाच्या वेळी मुद्दाम खोटी हाक मारून पाहतं. शिकताना तो चालूच ठेवा.

'माझी नाही' हे उत्तर प्रामाणिकपणे द्या. प्रत्येक वेळी 'माझीच' म्हणणारा हँडलर लिहिणं सोपं वाटतं आणि एकट्या तारेवर ते चालूनही जातं. वाटून घेतलेल्या तारेवर त्याने कर्नलचा हिशेबच खोटा पडतो. शेजाऱ्याचं कार्ड बिघडलं तरी 'नोबडी केअर्ड' कधी येत नाही, नुसता एक कोर शंभर टक्क्यांवर चढलेला दिसतो आणि शोधायला कुठलाच धागा उरत नाही.

याच चुकीचं एक लपलेलं रूप आहे. उपकरण वीज वाचवण्यासाठी झोपलेलं असेल किंवा बसवरून निघून गेलं असेल, तर त्याचं रजिस्टर वाचल्यावर सगळे बिट १ येतात. हँडलर पाहतो, सगळ्या घटना घडल्या आहेत असं दिसतं, आणि तो 'माझीच' म्हणतो. स्टेटसमध्ये सगळे १ आले तर 'माझी नाही' म्हणून परता.

दोरी सोडवण्याचं काम हँडलरमध्येच करा, पुढच्या सावकाश कामावर ढकलू नका. सावकाश काम थ्रेडमध्ये करायचं असेल तर आधी हँडलरमध्ये उपकरणाचा इंटरप्ट बंद करा आणि थ्रेडच्या शेवटी चालू करा. 'वनशॉट' झेंडा लावून अख्खी तारच थांबवून ठेवता येते, पण वाटून घेतलेल्या तारेवर त्याचा अर्थ तुमचं काम होईपर्यंत शेजाऱ्यांनीही ताटकळायचं.

आणखी एक, ज्यावर माझी एक पूर्ण रात्र गेली. स्टेटस पुसण्यासाठी तुम्ही लिहिलेलं लगेच उपकरणापर्यंत पोचतं असं नाही. मधले ब्रिज लिखाण साठवून ठेवतात आणि सवडीने पुढे पाठवतात. हँडलर परतला, तार अजून खालीच, म्हणून एक जादा हाक येते आणि तिला सगळे 'माझी नाही' म्हणतात. पुसल्यावर त्याच उपकरणाचं कोणतंही रजिस्टर एकदा वाचा. वाचन लिखाणाला ओलांडून जाऊ शकत नाही, म्हणून ते परत येईपर्यंत लिखाण पोचलेलं असतं.

निरोपाचा क्रम: आधी उपकरणाचा इंटरप्ट बंद, मग वाचून खात्री, मग नोंद रद्द.

७. तिसरी रीत: एमएसआय, जिथे उपकरण स्वतःचा नंबर सांगतं

शक्य असेल तिथे इकडेच या. पीसीआयच्या २.२ आवृत्तीत एमएसआय (मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट) आला. यात तार ओढायचीच नाही. उपकरण ठरलेल्या पत्त्यावर ठरलेला आकडा लिहितं, जसं ते मेमरीत काहीही लिहील तसंच. इंटेलच्या मशीनांवर हे पत्ते हेक्स एफईई०००००पासून सुरू होतात. त्या आकड्यातच कोण हाक मारतंय हे असतं. एमएसआयमध्ये एका उपकरणाला जास्तीत जास्त ३२ हाका मिळतात, नंतरच्या एमएसआय-एक्समध्ये २०४८पर्यंत. म्हणून एनव्हीएमई डिस्क प्रत्येक कोरसाठी वेगळी रांग आणि वेगळी हाक ठेवू शकते. वाटून घेतलेल्या तारेवर हे अशक्य आहे, तिथे चौघांची हाक एकाच कोरकडे जाते.

माझ्या मते याचा सगळ्यात मोठा फायदा मात्र दुसराच आहे. तारेवरची हाक आणि बसवरचा डेटा वेगवेगळ्या वाटांनी येतात. त्यामुळे 'डेटा मेमरीत टाकला' अशी हाक आधी पोचायची आणि डेटा अजून ब्रिजमध्येच अडकलेला असायचा. एमएसआय हेही एक लिखाणच असल्यामुळे ते डेटाच्या मागून त्याच रांगेत येतं आणि त्याला ओलांडत नाही. हाक आली म्हणजे तिच्याआधी लिहिलेला डेटा पोचलेला असतो.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये इंट ए ते डी या तारा उरलेल्याच नाहीत. जुन्या ड्रायव्हरांसाठी 'तार ओढली' आणि 'तार सोडली' असे दोन संदेश पाठवून तिचं सोंग आणलं जातं. म्हणजे नव्या कोऱ्या कार्डाचा ड्रायव्हर एमएसआय मागत नसेल, तर ते कार्ड सोंगातल्या तारेवर शेजाऱ्यांसोबत बसतं आणि पाचव्या पायरीतली सगळी दुखणी परत येतात.

सापळे दोन. एमएसआय हे लिखाण असल्यामुळे उपकरणाला बसवर स्वतः लिहायची परवानगी, म्हणजे 'बस मास्टर' बिट, हवीच. तो चालू केला नाही तर एकही हाक येत नाही आणि चूकही कुठे दिसत नाही. आणि कधीकाळी कोणीतरी सुचवलेला 'पीसीआय=नोएमएसआय' हा बूट पर्याय मशीनमध्ये राहून गेलेला असतो. 'प्रॉक'मधली 'सीएमडीलाइन' फाइल वाचून तो नाही ना, एवढं पाहून घ्या.

व्हर्च्युअल मशीनला अख्खं कार्ड द्यायचं असेल तरीही आधी एमएसआय चालतो का ते तपासा. चालत नसेल तर कार्डाला निदान पीसीआय २.३मधला 'इंटरप्ट डिसेबल' बिट हवा, म्हणजे यजमान मशीन त्या एका कार्डाची हाक थांबवू शकतं. तोही नसेल तर त्या तारेवर दुसरं कोणी चालत नाही. अशा वेळी स्लॉट बदलणं हा खरा उपाय ठरतो.

८. पीसीच्या बाहेर हेच नियम

यूएसबीचा कीबोर्ड 'इंटरप्ट ट्रान्सफर' वापरतो असं वाचाल. नाव फसवं आहे. कीबोर्ड हाक मारत नाही, होस्ट कंट्रोलर ठरलेल्या अंतराने त्याला विचारत राहतो. प्रोसेसरला हाक मारतो तो कंट्रोलर. म्हणून 'इंटरप्ट्स' फाइलमध्ये कीबोर्डचं नाव शोधू नका.

सेन्सर जोडणाऱ्यांनी एसएमबस या छोट्या चिपांच्या बसची रीत पाहावी. तिथे सगळ्यांची मिळून एक ओपन ड्रेन 'अलर्ट' तार असते. हाक आली की मास्टर हेक्स ०सी हा खास पत्ता वाचतो आणि हाक मारणारं उपकरण त्यावर स्वतःचा पत्ता देतं. दोघं एकदम बोलले तर लहान पत्त्याचा आधी ऐकला जातो. साध्या आयस्क्वेअरसी सेन्सरांच्या इंट पिना एकत्र बांधायच्या असतील तर त्या ओपन ड्रेन आहेत, याची डेटाशीटमध्ये खात्री करा आणि पुल-अप रेझिस्टर लावा. काही चिपांत ते रजिस्टरमधून निवडावं लागतं आणि सुरुवातीची निवड वर ढकलणारी असते.

व्हीएमई बसचं जुनं यंत्र कोणाच्या वाट्याला आलं तर: तिथे सात पातळ्यांच्या हाका असतात आणि 'हाक कोणाची' हा प्रश्न एका स्लॉटमधून पुढच्या स्लॉटमध्ये हातोहात जातो. मधला स्लॉट रिकामा असेल आणि त्याचा जंपर लावलेला नसेल तर साखळी तिथेच तुटते आणि पलीकडची सगळी कार्डं मुकी होतात.

९. मदत मागायला जाताना सोबत न्यायच्या गोष्टी

– 'इंटरप्ट्स' फाइल दोनदा: बिघाडाच्या आधी आणि नंतर. दोन्हींत किती सेकंदांचं अंतर होतं तेही लिहा.
– 'एलएसपीसीआय'चा दोन 'व्ही'वाला निकाल, रूट म्हणून घेतलेला. रूटशिवाय घेतला तर एमएसआयची माहिती त्यात नसते.
– 'डीमेसेज' सुरुवातीपासून. फक्त शेवटच्या चार ओळी पाठवल्या की पहिला प्रश्न बाकीच्या ओळींचाच येतो.
– 'सीएमडीलाइन' फाइल, कर्नलची आवृत्ती, मदरबोर्डचं मॉडेल आणि बायोसची तारीख.
– कोणतं कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये, आणि स्लॉट बदलल्यावर क्रमांक बदलला का.
– बिघाड होण्याआधी शेवटचा कोणता ड्रायव्हर घातला किंवा काढला. माझ्या चार दिवसांचं उत्तर याच एका ओळीत होतं, आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती.